ही झेरॉक्स आम्हीच फाडली

समुद्रपूरच्या बस स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या नववीच्या तीन मुलींनी चाळीस पाने छापून आणली. पाने एका जपानी चित्रकथेची होती. मोबाइलवर मिळालेली तिची इंग्रजी प्रत त्यांनी छापून घेतली, चित्रांतल्या फुग्यांमधला इंग्रजी मजकूर व्हाइटनरने पुसला आणि त्या जागी बॉलपेनने स्वतःच्या भाषेत संवाद लिहिले. भाषा कोणती? जी आमच्या अंगणात बोलली जाते तीच. नायिका म्हणते, ''उसने मेरेको देखाच नहीं, बाप्पा!'' आणि तो पिवळा पिकाचू तिला म्हणतो, ''काऊन रडतं वो, चाल!'' पाने सुईदोऱ्याने शिवली, वर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे लावले आणि ही वही वर्गातून वर्गात, घरातून घरात फिरू लागली.

पंधरा दिवसांनी ती एका घरातल्या बैठकीत वडीलधाऱ्यांच्या हाती लागली. त्या बैठकीत आम्हीही होतो. वही या हातातून त्या हातात गेली. कुणी म्हणाले, ही शैतानी जनावरे आहेत, यांच्यावर तर अरबस्तानात बंदी आहे. कुणी म्हणाले, जनावरांचे सोडा, यात मोहब्बत आहे. तिसऱ्याने शेवटची पाने उलटून सांगितले की, यात जादूसुद्धा आहे. मग ती वही फाडली गेली. फाडणारा हात एकाचा होता. पण आम्ही सगळे तिथे बसलो होतो, चहा पीत होतो आणि गप्प होतो. म्हणून या लेखाच्या मथळ्यात आम्ही दुसऱ्या कुणाचे नाव घातलेले नाही.

वही फाटली एवढ्यावर हे थांबले असते तर आम्ही लेख लिहिला नसता. दुसऱ्या दिवशी ज्या मुलीच्या हस्ताक्षरात ते संवाद होते, तिची हिंगणघाटची शिकवणी बंद झाली. एसटीचा पास घरात पडून आहे. मुलगी गणितात पहिली येणारी. चाळीस पानांच्या एका हलक्याफुलक्या गोष्टीसाठी एवढी मोठी शिक्षा! ती देताना गोष्ट मात्र कुणीही वाचलेली नव्हती. नंतर आम्ही ती वाचली. म्हणून आता बोलणे भाग आहे.

गोष्ट काय आहे?

पोकेमॉन हा मूळचा व्हिडिओ गेम. 1996 साली जपानमध्ये तो बाजारात आला. सातोशी ताजिरी या त्याच्या जनकाला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता आणि त्या नादातूनच चित्रविचित्र जीव शोधायचे, जमवायचे, हा खेळ त्याला सुचला. आपल्या मुलांना यात काय नवल? मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली किडे काडेपेटीत भरून शाळेत नेणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला जाऊन येणारे मूल तिथले ते गोल, जायफळासारखे दगड खिशात भरल्याशिवाय खाली उतरत नाही. अवलियाची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, ही तिथली दंतकथा आमच्या तालुक्यात हिंदू-मुसलमान दोघेही सारख्याच श्रद्धेने सांगतात. जमवणे आणि त्याभोवती गोष्ट रचणे हा बालपणाचा धर्मच आहे.

खेळ गाजला तसे त्याचे कार्टून आले. भारतात ते 2003 पासून कार्टून नेटवर्कवर दिसू लागले. चित्रकथा, ज्यांना जपानी लोक 'मांगा' म्हणतात, त्या तर अनेक निघाल्या. बहुतेक मुलांसाठी, कुस्त्या आणि सामन्यांच्या. पण 1997 पासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'चाओ' या मुलींच्या मासिकात युमी त्सुकिरिनो या लेखिकेने वेगळीच मालिका सुरू केली. 'मॅजिकल पोकेमॉन जर्नी' या नावाने ती इंग्रजीत आली. त्यात स्पर्धा जिंकण्याची घाई नाही. हेझल नावाची मुलगी आल्मंड नावाच्या मुलावर भाळली आहे. त्याने आपल्याकडे पाहावे म्हणून तिला प्रेमाचे औषध हवे आहे. एक म्हातारबाबा ते द्यायला तयार आहेत. अट एवढीच की, तिने त्यांच्यासाठी पोकेमॉन जमवून आणावेत. बस, पोरगी निघाली. वाटेत फजिती, रुसवे, मैत्री, पुन्हा फजिती. नावे पाहा: हेझल म्हणजे हेझलनट, आल्मंड म्हणजे बदाम आणि कोकोनट नावाचीही एक मुलगी आहे. ज्या बिरादरीने वाटीत बदाम, पिस्ते, खोबरे घातल्याशिवाय ईद साजरी केली नाही, त्या बिरादरीला ही नावे वाचून हसू यायला हवे होते. आम्हाला राग आला!

आता बैठकीत घेतलेले तीन आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप: जनावरे

अरबस्तानातल्या बंदीची गोष्ट खरी आहे. 2001 साली सौदी अरेबियातल्या उलेमांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला. त्याच्या पत्त्यांच्या खेळात जुगार आहे, त्यावर परधर्मीयांची चिन्हे आहेत, जीव रूप बदलतात म्हणून उत्क्रांतिवाद शिकवला जातो, असे मुद्दे त्यात होते. 2016 साली मोबाइलवर पोकेमॉन गो आला, तेव्हा हा वाद पुन्हा उकरला गेला. आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये उच्च न्यायालयात याचिका गेली. या खेळातली अंडी मंदिरांत दिसतात, त्यामुळे हिंदू आणि जैन भाविकांच्या भावना दुखावतात, अशी तक्रार त्यात होती. म्हणजे धर्म वेगवेगळे, भावना मात्र एकाच जागी दुखावणाऱ्या. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना हे कळले तर त्यांना सोबती मिळाल्याचा आनंद होईल की संकोच वाटेल, हे आम्ही सांगू शकत नाही.

जुगाराचा मुद्दा मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुलांच्या हातून पैसे काढणारे पत्ते, पैसे भरल्याशिवाय पुढे न जाणारे खेळ, यांवर आईबापांनी नजर ठेवलीच पाहिजे. पण त्या वहीत पत्ते नव्हते, पैज नव्हती. झेरॉक्सचे पैसे मुलींनी ईदीतून दिले होते. फतवा एका गोष्टीविषयी आणि शिक्षा दुसऱ्याच गोष्टीला, हा कोणता न्याय? दुसऱ्याची चित्रकथा विनापरवाना छापणे बरोबर नाही, हा एकच रास्त आक्षेप होता. तो कुणीही घेतला नाही.

दुसरा आक्षेप: मोहब्बत

खरे दुखणे हेच. जनावरे नुसती निमित्त होती. पिकाचू त्या वहीत एकटाच असता तर वही फाटली नसती. मुलगी कुणावर तरी भाळली आहे आणि तरी तिला आकाश कोसळून शिक्षा होत नाही, हे आम्हाला सोसवले नाही. मग म्हणायचे काय, तर असल्या गोष्टी आपल्यात नाहीत, या बाहेरून आल्या.

आपल्यात नाहीत? ज्या दख्खनच्या मातीवर आम्ही उभे आहोत, तिथल्या दखनी भाषेत मुल्ला वजहीने 1609 साली 'कुतुबमुश्तरी' लिहिली. ती प्रेमकथा आहे. विजापूरच्या नुसरतीने 1657 साली 'गुलशन-ए-इश्क' रचली. मनोहर आणि मधुमालतीची ती कहाणी मूळची हिंदवी सूफी परंपरेतली आणि नुसरतीने तिला दखनी साज चढवला. पऱ्या, राक्षस, जादूची जंगले, समुद्रातली संकटे, सगळे त्यात आहे. पुढच्या काळात दख्खनच्या चितारींनी तिच्या सचित्र प्रती केल्या. 1743 सालची अशी एक रंगीत प्रत आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती चित्रकथाच. प्रेम, चित्र आणि विचित्र प्राणी यांची एकत्र मांडणी जपान्यांनी आम्हाला शिकवलेली नाही. आमच्या पूर्वजांची ती दौलत परक्यांच्या काचेच्या कपाटात आहे आणि आमच्या पोरींनी तिचा कागदी नमुना घरी केला तर आम्ही तो फाडतो. आणि युसूफ-जुलेखाचे काय? ज्या किश्श्याला खुद्द कुरआनने कथांमध्ये उत्तम म्हटले, त्यात एका स्त्रीच्या आसक्तीचा उल्लेख आहेच. तो लपवलेला नाही. त्यावर विचार करायला सांगितले आहे.

मग ही भीती आली कुठून? आमच्या मते ती फार जुनी नाही. डेप्युटी नजीर अहमदांनी 1869 साली 'मिरातुल उरूस' प्रसिद्ध केली. आपल्या मुलींना वाचायला योग्य पुस्तक नाही, हे पाहून बापाने ते लिहायला घेतले. त्या बापाला आमचा सलाम आहे. पण त्यांनी दोन बहिणी उभ्या केल्या. असगरी शहाणी, काटकसरी, घर सावरणारी. अकबरी हट्टी, आळशी, घर बुडवणारी. त्यांच्याच 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत तर तौबा केलेला बाप मुलाची पुस्तके जाळतो. दीडशे वर्षे होऊन गेली, आमच्या घरातल्या मुलीसाठी आजही दोनच जागा आहेत: असगरी व्हा, नाहीतर तुम्ही अकबरी. तिसरी जागा नाही. चुकणारी, हसणारी, उगाच भाळणारी, आपल्या फजितीवर रडून पुन्हा चपला घालणारी मुलगी आमच्या कथेत मावत नाही. हेझल ना असगरी आहे ना अकबरी. मुलींनी तिला उचलून घेतले ते यासाठीच, जपानच्या प्रेमाखातर नव्हे.

आणि बंदी नेहमी कुणावर येते तेही पाहा. 1982 साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमा पाहू नये असा फर्मान निघाला. पुरुषांना मोकळीक होती. पडद्यावरची तीच नायिका पुरुषांना बिघडवत नव्हती, स्त्रियांना मात्र बिघडवणार होती! रझिया पटेल ही तरुणी त्याविरुद्ध उभी राहिली, सत्याग्रह केला, शिव्या आणि धमक्या सोसल्या. त्या काळात आमच्यापैकी कितीजण तिच्या बाजूने उघड बोलले? आज तिचे नाव आम्ही व्यासपीठावरून अभिमानाने घेतो. आणि आज रात्री कोणत्याही मोहल्ल्यात जाऊन पाहा, ओट्यावर बसलेली मुले मोबाइलवर जपानी कार्टून बघत असतात, प्रेमाची आणि मारामारीचीही. त्यांचा मोबाइल कुणी काढून घेतलेला नाही. फाटली ती मुलींची झेरॉक्स.

तिसरा आक्षेप: जादू

तिघांत हाच आक्षेप आम्हाला विचार करण्यासारखा वाटतो. आणि गंमत अशी की, तो घेणाऱ्याने त्याचा विचारच केला नाही. प्रेमाचे औषध! ते पाजले की समोरचा तुमच्यावर प्रेम करू लागणार. आमच्या भागात असली औषधे जपानहून आणावी लागत नाहीत. बाजारात चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, वशीकरण, मनपसंत विवाह, चोवीस तासांत खात्रीचा इलाज. बाबा, बंगाली, तांत्रिक, आमील, सर्व धर्मांचे दुकानदार त्यात आहेत. त्या चिठ्ठ्या फाडायला आमची बैठक कधी बसली नाही.

पण मुलींच्या हातात ही गोष्ट असताना त्यांना एकच प्रश्न विचारायला हवा होता. बाई गं, औषध पाजून मिळालेले प्रेम हे प्रेम असते का? ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत किती? नववीच्या मुलींशी आणि त्याहून जास्त नववीच्या मुलांशी बोलायला याहून चांगला प्रश्न कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे, ते आम्हाला दाखवावे. निकाहाच्या वेळी मुलीची रजामंदी विचारल्याशिवाय आमच्याकडे कबूल होत नाही. रजामंदी हा आमच्या दीनातला शब्द आहे. तो समजावून सांगायची संधी दारात चालून आली होती आणि आम्ही ती तुकडे करून कचऱ्यात टाकली.

हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. समुद्रपूरहून हिंगणघाट एसटीने थोड्या वेळाच्या अंतरावर. तिथे 3 फेब्रुवारी 2020 रोजी सकाळी कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले गेले. आठवड्याने ती गेली. तिला त्रास देणाऱ्या माणसाला 2022 साली जन्मठेप झाली. वर्तमानपत्रांनी त्या कृत्याला 'एकतर्फी प्रेम' असे नाव दिले. आम्ही त्या शब्दाचा निषेध करतो. तो हक्क गाजवणे होते. त्यात प्रेमाचा अंश नव्हता. पण आमच्या तालुक्यातल्या मुलांमुलींना 'प्रेम' हा शब्द कुठे भेटतो हे यावरून कळावे. बातमीत भेटतो, तो जळलेला. सिनेमात भेटतो, तिथे नायक पाठलाग करतो आणि शेवटी जिंकतो. घरात भेटतच नाही, कारण घरात तो उच्चारायचा नाही.

आता त्या चित्रकथेकडे परत या. तिथेही प्रेम एकतर्फीच आहे. ते एका मुलीचे आहे. ती मुलाच्या मागे लागते, औषधासाठी धडपडते, तोंडावर पडते. तिच्या धडपडीला वाचक हसतात, ती स्वतःही हसण्यावारी नेते. ती कुणाला जाळत नाही. नकार सोसूनही माणूस जिवंत राहतो, दुसऱ्या दिवशी भूक लागते, मैत्रिणी असतात, रस्ता असतो, हे मूल गोष्टीतून शिकते. ज्या तालुक्याच्या शेजारी हिंगणघाट घडले, तिथल्या मुलग्यांना तर ही वही वाटून द्यायला हवी होती.

आणि आमचे साहित्य?

इथवर वाचून मुस्लिम मराठी साहित्याशी संबंध असलेले आमचे वाचक मान डोलावत असतील. ते सनातनी, आम्ही पुरोगामी! त्यांनी जरा थांबावे. पुढची तक्रार त्यांच्याबद्दल आहे, म्हणजे आमच्याबद्दल.

सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आम्ही काय लिहिले? 'मुस्लिम स्त्रीचा प्रश्न' लिहिला. तलाकपीडित आई, बुरख्यातली बहीण, दंगलीत घर जळालेली खाला, बिड्या वळणारी आजी, सर्व आमच्या कथा-कवितांत आली. ते लिहिणे गरजेचेच होते, हमीद दलवाईंपासून त्यासाठी लोकांनी शिव्या खाल्ल्या. पण त्यामुळे असगरी आणि अकबरी यांच्या शेजारी आम्ही तिसरी बाई बसवली, तिचे नाव पीडिता. मुलगी आमच्या पानांवर आली की वाचकाने डोळे पुसायचे हे ठरलेले. आमच्या कथेतली शबाना कधी पेरूच्या झाडावरून पडली? कधी वर्गातल्या पोराच्या वहीवर उगाच फूल काढून पळाली? कधी शिरखुर्मा करपवून खदखदून हसली? ज्या मुलीने हेझलच्या तोंडी 'देखाच नहीं, बाप्पा' घातले, तिच्यासाठी आम्ही आजवर एक पानही लिहिलेले नाही. आम्ही तिच्याविषयी लिहितो. तिच्यासाठी लिहिणे निराळे.

आणि असे नाही की आमच्यात ते कधी नव्हतेच. 1898 साली लाहोरहून 'तहजीब-ए-निसवाँ' निघाले, मुहम्मदी बेगम त्याच्या संपादिका. जपानमधले मुलींचे पहिले मासिक 1902 साली निघाले असे मानतात. म्हणजे आम्ही चार वर्षे पुढे होतो! फरक पुढे पडला. त्यांनी मुलींच्या मासिकांची परंपरा युद्ध, भूक, पराभव यांतून टिकवली. वाचणाऱ्या मुली मोठ्या होऊन लिहिणाऱ्या, रेखाटणाऱ्या झाल्या. 'चाओ' 1977 साली निघाले, त्यातून त्सुकिरिनोसारख्या लेखिका पुढे आल्या. आमच्याकडे मुली वाचू लागल्या की आम्ही त्यांना वाचण्याचे नियम सांगणारे पुस्तक भेट दिले.

मराठीची अवस्था तरी काय? पोकेमॉन गो 2023 साली हिंदीत बोलू लागला, शेकडो जीवांना हिंदी नावे मिळाली. मराठीला कुणी विचारले नाही आणि मराठी माणसालाही खंत वाटली नाही. समुद्रपूरच्या तीन मुस्लिम मुलींनी मात्र सरकारी मदतीशिवाय, संमेलनाच्या ठरावाशिवाय, व्हाइटनरच्या एका बाटलीवर वऱ्हाडीत आणि मोहल्ल्याच्या बोलीत अनुवाद केला. आमच्या मते त्या पावसाळ्यात आपल्या तालुक्यात घडलेली ती एकमेव साहित्यिक घटना होती.

परकी गोष्ट आपली करून घेण्याचा धडा तर याच जिल्ह्याच्या पाहुण्याने दिला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करायची जबाबदारी डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीवर सोपवली गेली. या झाकीरसाहेबांनी मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहिली. दोदे या फ्रेंच लेखकाच्या शेळीच्या गोष्टीशी तिचे नाते उघड आहे. झाकीरसाहेबांनी शेळीला अल्मोड्याच्या डोंगरात आणले, तिचे नाव चांदणी ठेवले. आणि गोष्ट छापली ती रुकय्या रेहाना या नावाने. रेहाना ही त्यांची लहानपणीच गेलेली मुलगी. चांदणीला गोठ्यात चारा आहे, पाणी आहे, मालकाची माया आहे. तिला तरी डोंगर हवा आहे. ती जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरचे पक्षी म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारा पक्षी म्हणतो, चांदणी जिंकली. देशाचा पुढे राष्ट्रपती झालेला हा मुसलमान बाप आपल्या मुलीच्या नावाने ही गोष्ट सांगत होता. आम्ही त्याच्या नावाच्या शाळा काढल्या आणि गोठ्याला कुलूप लावून घेतले.

भीती खरी आहे

आईबापांची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. मोबाइलवर कोण कुणाला काय पाठवील याचा भरवसा नाही. आणि आज मुसलमानाच्या घरात 'प्रेम' हा शब्द नुसता घरचा राहिलेला नाही. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समिती नेमली, 'लव्ह जिहाद'च्या नावाने मोर्चे निघाले. मुलगा कुणाशी बोलला तर ठाणे, मुलगी कुणाशी बोलली तर बदनामी, अशी दुहेरी कात्री आहे. त्या रात्री वही फाडणाऱ्या हाताला कापरे भरलेले आम्ही पाहिले. तो हात क्रूर नव्हता, घाबरलेला होता.

पण घाबरलेल्या माणसाने कुणाला तोडावे? ज्याची भीती वाटते ते मोर्चे, त्या चिठ्ठ्या, ते पाठलाग करणारे सारे तसेच राहिले. आम्ही तोडली ती आमच्याच मुलीची शिकवणी. जिला बाहेरच्या जगात आपले हो-नाही ठणकावून सांगायचे आहे, तिचे बोलणेच घरात बंद केले तर ती बाहेर काय बोलणार? उद्या एखादा गोडबोल्या तिला भेटला तर ती कुणाला विचारील? ज्यांनी तिची वही फाडली, त्यांना?

म्हणून आमच्या मागण्या थोड्याच आहेत. पुढच्या वर्षीच्या या वार्षिकात सोळा पाने मुलींसाठी ठेवावीत आणि ती मुलींनीच लिहावीत, रेखाटावीत. संपादकांनी त्यातले शुद्धलेखन तपासावे, बोली तपासू नये. उपदेशाची कथा आली तर परत पाठवावी. जपानी पाने उचलायला नकोत. गिरडची टेकडी आहे, तिचे दगड आहेत, वणा नदी आहे, कापसाच्या गाड्या आहेत, जामच्या चौरस्त्यावरचे ढाबे आहेत. त्यातून कोणते जीव काढायचे ते त्या पोट्ट्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. आमच्यातल्या लिहित्यांनी वर्षाकाठी एक तरी कथा अशी लिहावी जिच्यात मुलगी शेवटपर्यंत जिवंत असेल, आणि शहाणी झालेली नसली तरी चालेल.

राहिली ती वही. तिच्या फाटलेल्या पानांपैकी नऊ पाने त्या रात्री आम्ही केराच्या डब्यातून उचलून घरी आणली. चिकटपट्टीने जोडली आहेत. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर ती घेऊन आम्ही त्या मुलीच्या अब्बांकडे जाणार आहोत. आधी माफी मागू. मग शिकवणीचे विचारू. फी मार्चपर्यंतची भरलेली आहे आणि सकाळची एसटी अजूनही वेळेवर सुटते.